पगारपत्रकातला कागद कमी करताना

भोसरी, चिखली, तळवडे आणि तिकडे चाकण-म्हाळुंगे या पट्ट्यातील लहान वर्कशॉपच्या कार्यालयात गेले म्हणजे दोन प्रकारचे मालक भेटतात. एकाच्या पाठीमागे लोखंडी कपाट असते. त्यात मस्टर, पगार रजिस्टर, उचलीची व्हाऊचरे, चलनांच्या झेरॉक्स आणि दोऱ्याने बांधलेल्या जुन्या फायली कोंबलेल्या असतात. एकाच पगाराच्या तीन तीन प्रती निघतात, आणि ऐन वेळी हवी असलेली प्रत मात्र सापडत नाही. दुसऱ्या मालकाच्या टेबलावर फक्त मोबाईल असतो. तो अभिमानाने सांगतो की आम्ही कागद केव्हाच बंद केला. एखाद्या कामगाराने रमजानपूर्वी किती उचल घेतली होती, असे त्याला विचारले तर तो छताकडे पाहतो आणि मुन्शीला हाक मारतो. मुन्शी गावी गेलेला असतो.

कागद कमी करण्याचा विचार करताना आम्हाला हे दोन्ही मालक डोळ्यांसमोर ठेवावेसे वाटतात. पहिल्याने नकला कमी केल्या पाहिजेत. दुसऱ्याने कागदाबरोबर लिखाणही टाकून दिले आहे. त्याचा तोटा आज दिसत नाही, पण तो दिसेल त्या दिवशी फार उशीर झालेला असेल.

लिखाण कागदाहून जुने

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत, हिजरी सन २० च्या सुमारास, म्हणजे इसवी सन ६४० च्या आसपास, वजिफ्यांची एक नोंदवही तयार झाली. तिला दीवान म्हणत. माणूस कोण, कोणत्या कबिल्याचा आणि त्याला किती द्यावयाचे, हे तीत लिहिलेले असे. आजच्या भाषेत ते पगारपत्रकच होय. त्या काळी अरबांकडे कागद नव्हता. चामडे आणि पपायरस यांवर काम चाले. कागद मुसलमानांच्या हाती आला तो आठव्या शतकात, समरकंदच्या बाजूने. म्हणजे हिशेबाची वही कागदाच्या आधीची आहे, आणि उद्या कागद गेला तरी वहीला राहावेच लागेल.

(येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. चाकणहून नाशिक रस्त्याने वर गेले की नारायणगावापासून जुन्नर जवळच आहे. तेथील कागझी बांधव हाताने कागद बनवीत. जुन्नरी कागद आणि दौलताबादी कागद ही नावे मराठी दफ्तरे अभ्यासणाऱ्यांना ठाऊक आहेत. तेव्हा कागदाशी आमचे वैर नाही, उलट जुने नाते आहे.)

सूरह अल-बकरातील २८२ वी आयत ही कुरआन मजीदमधील सर्वांत लांब आयत होय, आणि ती आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी. रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, मजकूर ज्याच्याकडे देणे आहे त्याने सांगावा आणि साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आशय आहे. हातोहात होणाऱ्या रोखीच्या सौद्याला लिहिण्याची सवलत दिली आहे. आमचे अनेक बांधव ही आयत माल उधार देण्या-घेण्यापुरती समजतात. पण थोडा विचार करावा. कामगार महिनाभर आधी काम करतो आणि पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला घेतो. म्हणजे तीस दिवस उधार देणारा तो आणि देणेकरी आपण. घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्यावी, या अर्थाची हदीस इब्न माजा यांच्या संग्रहात आहे आणि ती आपण सर्वजण सांगतो. पण मजुरी किती हेच लिहिलेले नसेल, तर वेळेवर दिली तरी पुरी दिली की नाही हे कसे ठरवावयाचे? हा हिशेब लिहिण्याची जबाबदारी देणेकऱ्यावर, म्हणजे मालकावर येते. उचलीच्या बाबतीत उलट आहे. तेथे देणेकरी कामगार आहे. म्हणून उचल लिहिताना आकडा त्याच्या तोंडून वदवून घ्यावा.

खर्च कागदाचा किती, नकलेचा किती

समजा एका वर्कशॉपमध्ये २५ कामगार आहेत. हजेरीचे कार्ड प्रत्येकी महिन्याला एक, म्हणजे वर्षाला ३००. पगारचिठ्ठ्या ३००. उचलीची व्हाऊचरे प्रत्येकी महिन्याला दोन धरली तर ६००. पगारपत्रक तीन पानांचे आणि त्याच्या तीन प्रती, म्हणजे वर्षाला १०८ पाने. चलने, याद्या, पावत्यांच्या झेरॉक्स महिन्याला दहा धरल्या तर १२०. एकूण १,४२८ पाने झाली. ५०० पानांच्या रिमांत मोजले तर तीन रिमसुद्धा पुरे होत नाहीत. पैशांत हा खर्च वर्षाला हजाराच्या आसपास जाईल. एवढ्या रकमेसाठी कोणी आपली पद्धत बदलावी असे आम्ही म्हणणार नाही.

खरा खर्च दुसरीकडे आहे. एका कामगाराचे नाव हजेरीत, उचलीच्या वहीत, पगारपत्रकात, चिठ्ठीवर, बँकेच्या यादीत, भविष्य निर्वाह निधीच्या विवरणात आणि राज्य विमा योजनेच्या विवरणात लिहावे लागते. सात ठिकाणे झाली. २५ नावे दर महिन्याला सात वेळा लिहिली तर १७५, आणि वर्षाला २,१००. प्रत्येक नकलेत चुकण्याची एक संधी असते. शिवाय महिन्याच्या एक ते सात तारखांमध्ये मुन्शी दुसरे कोणतेही काम करू शकत नाही. ऑर्डरची चौकशी आली तरी उत्तर मिळते की पगार झाल्यावर पाहू.

सरकारलाही हे नकलांचे दुखणे कळले होते. केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये नियम काढून नऊ कामगार कायद्यांखालील ५६ रजिस्टरांच्या जागी पाच सामाईक रजिस्टरे आणली आणि ती संगणकावर ठेवण्यास मुभा दिली. भविष्य निर्वाह निधीचे मासिक विवरण २०१२ पासून ऑनलाइन झाले, तेव्हा वर्षअखेरीस प्रत्येक कामगारामागे एक कार्ड भरण्याचे काम संपले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतील वेतन संहिता, २०१९ ने वेतन प्रदान कायदा, किमान वेतन कायदा, बोनस कायदा आणि समान वेतन कायदा हे चारही आपल्यात सामावून घेतले. पगार रोखीने, चेकने, बँकेत जमा करून किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने देता येतो. मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे. रजिस्टर ठेवलेच पाहिजे आणि पगारचिठ्ठी दिलीच पाहिजे. कामगार तीन वर्षांपर्यंत मागे जाऊन दावा करू शकतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर आहे. हे शेवटचे वाक्य छताकडे पाहणाऱ्या मालकाने दोनदा वाचावे. रजिस्टर कोणत्या नमुन्यात ठेवावयाचे, हे मात्र आपल्या सल्लागाराकडून पक्के करून घ्यावे.

एक मूळ पान

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. महागडे सॉफ्टवेअर घेण्याची गरज पन्नास कामगारांपर्यंत तरी आम्हाला दिसत नाही. साध्या एक्सेलमध्ये हे काम होते. तत्त्व एकच: जी गोष्ट एकदा लिहिली ती दुसऱ्यांदा हाताने लिहावयाची नाही.

प्रथम एक मूळ पान करावे. त्यात प्रत्येक कामगाराला एक क्रमांक द्यावा. हा क्रमांक तो काम सोडून गेला तरी दुसऱ्याला देऊ नये. क्रमांकापुढे नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख, निधीचा यूएएन, विमा क्रमांक, बँक खाते व आयएफएससी, पगाराचा दर आणि मोबाईल नंबर. बाकीची सर्व पाने, म्हणजे हजेरी, उचल, पगारपत्रक, बँकेची यादी, यांनी नाव येथूनच उचलावे. क्रमांक टाकला की नाव आपोआप येते. हे सूत्र कोणताही बारावी शिकलेला मुलगा अर्ध्या तासात बसवून देईल. घरात मुलगी कॉमर्सला असेल तर तिला सांगावे, ती अधिक नीटनेटके करील.

नावाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्या समाजात खरे नुकसान येथे होते. एकाच माणसाचे नाव आधारवर मोहम्मद, बँकेत मो., निधीच्या खात्यात मुहम्मद आणि शाळेच्या दाखल्यावर महंमद असते. कोठे शेख आधी येते, कोठे शेवटी. कोठे वडिलांचे नाव मध्ये आहे, कोठे नाही. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कारागिरांत अन्सारी हे आडनाव एका कागदावर असते आणि दुसऱ्यावर नुसता अली. जन्मतारीख माहीत नसली की सर्वांची १ जानेवारी. मुन्शीने ऐकले तसे लिहिले, आणि पंधरा वर्षांनी माणूस मुलीच्या लग्नासाठी निधीचे पैसे काढावयास गेला तेव्हा नाव जुळले नाही म्हणून अर्ज परत आला. पैसे त्याचेच आहेत, पण अडकले एका मात्रेत.

सबब मूळ पानावर नाव लिहिताना आधारकार्ड समोर ठेवून एकेक अक्षर इंग्रजीत जसेच्या तसे उतरवावे आणि कामगाराला वाचून दाखवावे. ज्यांचे जुने नाव चुकलेले आहे त्यांनी आता थांबू नये. जानेवारी २०२५ मध्ये निधी संघटनेने ही दुरुस्ती पुष्कळ सोपी केली. १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारशी जोडून मिळालेला यूएएन असेल तर नाव, जन्मतारीख, वडिलांचे नाव यांसारख्या गोष्टी सभासद स्वतः ऑनलाइन दुरुस्त करू शकतो. त्यासाठी मालकाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही. त्याआधीच्या क्रमांकांसाठी मालकाची संमती लागते. ती देण्यास दोन मिनिटे लागतात, पण कित्येक मालक ती दोन मिनिटे वर्षानुवर्षे देत नाहीत.

मूळ पानावर नवे नाव कोण घालू शकतो, हेही ठरवून टाकावे. राज्यातील अनुदानित शाळांच्या शिक्षकांचे पगार शालार्थ या ऑनलाइन प्रणालीतून होतात. आमच्या उर्दू शाळांच्या शिक्षकांनाही ती चांगली ठाऊक आहे. वेतन देयकांचे गठ्ठे तिच्यामुळे कमी झाले यात शंका नाही. तरीही २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शिक्षकांची नावे शालार्थमध्ये घालून पगार काढल्याचा घोटाळा उघडकीस आला आणि शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांना अटक झाली. प्रणालीत एकदा नाव बसले की पगार आपोआप निघत राहतो, आणि पूर्वी देयकावर नजर टाकणारे चार डोळे आता त्याकडे पाहत नाहीत. आपल्या वीस-पंचवीस माणसांत असे होणार नाही असे मालकास वाटते. पण दोन पाळ्या असतील आणि पगार सुपरवायझर करीत असेल, तर काम सोडून गेलेला माणूस कागदावर दोन महिने काम करीत राहतो. ज्याने हजेरी लिहिली त्याने पैसे सोडू नयेत. मालकाने महिन्यातून एकदा, चहाच्या वेळी, यादी हातात घेऊन माणसे मोजावीत.

हजेरी, पीस आणि उचल

हजेरीचे यंत्र बसविण्याची आता हौस आहे. बसवावे, पण लेथ आणि प्रेसवर काम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, त्यांवर तेल असते. यंत्र त्यांना ओळखत नाही आणि माणूस हजर असून गैरहजर लागतो. चेहरा ओळखणारे यंत्र बरे. आमच्या मते दहा-पंधरा माणसांसाठी भिंतीवरचा एक हजेरीपट पुरतो. त्याचा रोज संध्याकाळी मोबाईलवर फोटो घ्यावा आणि आठवड्याचे आकडे शीटमध्ये चढवावेत. आपल्या औद्योगिक भागात गुरुवारी सुट्टी असते. म्हणून बुधवारी संध्याकाळी आठवड्याची हजेरी आणि जादा तास सर्वांसमोर वाचून दाखवावेत. जादा तासांचा दर दुप्पट असतो, त्यामुळे अर्ध्या तासाचाही वाद होतो, आणि तो त्याच आठवड्यात मिटलेला बरा. महिनाअखेरीस मिटवावयास बसलो की दोघांनाही आठवत नाही.

हजेरीची प्रत कारखान्याबाहेर असण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते हिशेबापेक्षा मोठे आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनविणाऱ्या जागेत आग लागून अनेक महिला कामगारांचे प्राण गेले. अशा प्रसंगी पहिला प्रश्न विचारला जातो की त्या घडीला आत कोण कोण होते. हजेरीपट आतच असेल तर उत्तर त्याच्याबरोबर जळून जाते. राज्य विमा योजनेत कामावरील अपघातात मृत्यू आला तर वारसांना पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने निवृत्तिवेतन मिळते. त्याला आधार काय, तर नोंदलेले नाव आणि नोंदलेला पगार. म्हणून विम्याची नोंद कामाच्या पहिल्याच दिवशी करावी. टिकतो की नाही ते पाहू आणि मग नोंदवू, हा विचार सोडावा. मोहननगर, चिंचवड येथील विमा रुग्णालयातही उपचार मिळतात ते याच नोंदीवर. वर्गणी १ जुलै २०१९ पासूनच्या दराने कामगाराची पाऊण टक्का आणि मालकाची सव्वातीन टक्के आहे. १७,४५० रुपये पगारावर कामगाराचे १३०.८८ येतात आणि १३१ कापावयाचे असतात, कारण पुढच्या रुपयावर न्यावयाचे असते. हे सूत्र शीटमध्ये एकदा बसविले की दर महिन्याच्या बेरजेतील दोन-चार रुपयांचा फरक शोधत बसावे लागत नाही.

आमच्या कापडाच्या धंद्यात पगार कमी आणि उजरत अधिक. गणवेशाचे शर्ट, पँट, एप्रन, बॉयलर सूट पीसवर शिवले जातात. येथे दोन कच्च्या वह्या असतात, एक दुकानात आणि एक कारागिराच्या खिशात, आणि ईदच्या आदल्या रात्री त्या दोन्ही कधीच जुळत नाहीत. त्यावर उपाय असा. माल आणून दिला की नग त्याच्यासमोर मोजावेत आणि त्याच क्षणी त्याला मोबाईलवर संदेश जावा: तारीख, वस्तू, नग, दर, परत किती आणि का. संदेशाची भाषा तो वाचतो ती ठेवावी, हिंदी असो की उर्दू. वाचता येत नसेल तर आपल्या आवाजात बोलून पाठवावे. परत केलेल्या मालाची नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे. आठ दिवसांनी हे चाळीस नग कॉलरला खराब होते असे सांगणे म्हणजे कारागिराची मजुरी कापण्याचा मार्ग होतो, मग मालकाची नियत कितीही साफ असो. या संदेशांतून महिन्याची बेरीज होते आणि दोन्ही वह्यांची गरज राहत नाही.

उचलीचे मात्र जपून करावे. दवाखाना, शाळेची फी, गावी जाणे, रमजान आणि दोन्ही ईद या वेळी उचल होतेच, आणि बहुतेक मालक ती बिनव्याजी देतात. पण रोखीने दिलेल्या उचलीचे व्हाऊचर बंद करण्यास आम्ही सांगणार नाही. रोख रक्कम दिली तर सही किंवा अंगठा कागदावर घ्यावाच. कागद वाचवावयाचा असेल तर उचलही खात्यातच पाठवावी आणि शेरा म्हणून उचल असे लिहावे. तसे केले की बँकेचा उतारा हेच व्हाऊचर. शीटमध्ये आधीची बाकी, या महिन्यात घेतली, या महिन्यात फेडली, राहिली, हे चार रकाने ठेवावेत. एकंदर कपात पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये, असे वेतन संहिता सांगते. कायदा नसता तरी ज्याच्या घरी चूल पेटवावयाची आहे त्याच्या हातात शून्याची चिठ्ठी देणे कोणाला शोभले असते?

चिठ्ठी कोणाच्या हातात

पगार खात्यात जमा केल्याने पाकिटे, नोटांची मोजणी, सहीचा रकाना आणि ५,००० रुपयांवरील पावतीला लागणारे एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टँप हे सारे एकदम जाते. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून दिवसरात्र चालते, त्यामुळे सात तारीख रविवारी आली हे कारण आता चालत नाही. आयकराच्या दृष्टीनेही एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोखीने दिलेला खर्च ग्राह्य धरला जात नाही. परंतु बँकेचा आकडा हा निव्वळ रकमेचा असतो. ती कशी आली, किती दिवसांची, जादा तास किती, निधी आणि विम्याचे किती कापले, उचलीचे किती वळते केले, हे त्यात नसते. खात्यात पैसे टाकले म्हणजे चिठ्ठी देण्याची गरज संपली, अशी समजूत अनेकांची झाली आहे. कागद कमी करण्याच्या नावाखाली सर्वांत आधी बंद होतो तो नेमका हाच कागद, आणि कामगाराच्या हातात येणारा तोच एक असतो. मालकाच्या कपाटातल्या तीन प्रतींना कोणी हात लावत नाही.

क्रम उलटा असावा. कपाटातल्या प्रती एकावर आणाव्यात आणि कामगाराची चिठ्ठी शेवटपर्यंत ठेवावी. ती मोबाईलवर पीडीएफ करून पाठविली तर कागद लागत नाही, आणि ती त्याच्याजवळ राहते. हीच चिठ्ठी तो घर भाड्याने घेताना दाखवितो, मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला काढताना दाखवितो, बचतगटात किंवा बँकेत दाखवितो. ज्याच्याकडे साधा फोन आहे, किंवा ज्याचा फोन मुलाकडे असतो, त्याला कागदावर छापून द्यावी. त्या पाच-सहा पानांची काटकसर करू नये.

चाकणमधील मोठ्या कंपन्यांना माणसे पुरविणारे, फॅब्रिकेशन किंवा साफसफाईचे काम घेणारे आमचे कॉन्ट्रॅक्टर बांधव येथे म्हणतील की कागद आम्ही नव्हे, कंपनीच मागते. ते खरे आहे. बिल पास होण्यासाठी हजेरी, पगारपत्रक, बँकेचा उतारा, निधी आणि विम्याची चलने, सर्वांच्या झेरॉक्स शिक्का मारून जोडाव्या लागतात, आणि एक पान कमी पडले की बिल महिनाभर थांबते. त्यांनी कंपनीच्या अकाऊंट खात्याशी बोलून सर्व मिळून एकच पीडीएफ आणि वर क्रमवार यादी, अशी मागणी करावी. काही ठिकाणी मान्य होईल, काही ठिकाणी होणार नाही. जेथे होत नाही तेथे कागद द्यावा. बिल अडवून तत्त्व पाळण्यात धंदा नाही, आणि बिल अडले की शेवटी कामगाराचाच पगार अडतो.

ठेवावे कोठे, फेकावे काय

महिना संपला की शीट बंद करावी, पीडीएफ करावी आणि त्यानंतर तीत हात घालू नये. चूक सापडली तर पुढील महिन्यात फरक म्हणून दाखवावा. मागील महिन्याचा आकडा गुपचूप बदलता येणे हा संगणकाचा मोठा दोष आहे. जुन्या रजिस्टरात खाडाखोड निदान दिसत तरी होती. वाद न्यायालयात गेला तर इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र जोडावे लागते, असे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. दर महिन्याला त्याच दिवशी केलेली पीडीएफ, बँकेचा उतारा आणि कामगाराला गेलेला संदेश ही तिन्ही एकमेकांशी जुळली तर असे प्रमाणपत्र देणे सोपे जाते.

एक प्रत मेलवर, एक पेनड्राइव्हमध्ये घरी, असा नियम करावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने चिखलीच्या कुदळवाडीत हजारो बांधकामे पाडली. भंगारची दुकाने, गोदामे आणि लहान कारखाने काही दिवसांत जमीनदोस्त झाले. बरोबर काय आणि चूक काय, हा या पानाचा विषय नाही. पण जेव्हा मालकालाच आपली यंत्रे आणि माल कसा हलवावा हे सुचत नाही, तेव्हा कपाटातील रजिस्टरे कोण वाचविणार? आणि नंतर नव्या जागी धंदा उभारताना, कर्ज मागताना, कामगारांचा शेवटचा हिशेब करताना लागतात ती हीच रजिस्टरे.

नव्या पद्धतीची सुरुवात एप्रिलपासून केली तर वर्षाचा हिशेब एकसंध राहतो. पहिले दोन महिने जुने रजिस्टर आणि नवी शीट दोन्ही चालवावीत. तिसऱ्या महिन्यात बेरजा रुपयाला रुपया जुळल्या तरच रजिस्टर बंद करावे. नेमणुकीची पत्रे, राजीनामे, शेवटच्या हिशेबाच्या पावत्या आणि रोख उचलीची व्हाऊचरे, म्हणजे ज्यांवर कामगाराची प्रत्यक्ष सही किंवा अंगठा आहे ते सर्व मूळ कागद, स्कॅन केले तरी फेकू नयेत. बाकीची रद्दी किलोने विकण्यापूर्वी एकदा चाळावी. आधारकार्डाच्या आणि पासबुकांच्या झेरॉक्स तशाच रद्दीत जातात आणि पुढे भज्यांच्या गाडीवर पुड्या बांधावयास येतात. त्या विश्वासाने आपल्याकडे दिलेल्या अमानती आहेत. त्या वेगळ्या काढून हाताने फाडाव्यात, आणि मगच रद्दीवाल्याला बोलवावे.